उपनिषद म्हणजे गुरूजवळ बसणे?

नवे शैक्षणिक धोरण लागू झाल्यापासून पदवीच्या विद्यार्थ्यांना 'भारतीय ज्ञान प्रणाली' हा विषय घ्यावा लागतो. पुण्यातल्या महाविद्यालयांत वाणिज्य शाखेची मुले तो शिकतात, अभियांत्रिकीचीही शिकतात. एकूण श्रेयांकांपैकी (क्रेडिट्सपैकी) किमान पाच टक्के श्रेयांक या विषयाचे असावेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ साली सुचवले. विषय यायला हवा होता, असे मी मानतो. मराठी मुलाला प्लेटोचे नाव माहीत असावे आणि याज्ञवल्क्याचे नसावे, ही स्थिती चांगली नव्हती. म्हणूनच या विषयाच्या नोट्स पाहताना मी एका ओळीपाशी अडतो. ती ओळ व्याख्यानांत ऐकू येते, दिवाळी अंकांतल्या लेखांत छापली जाते, परीक्षेत एका गुणाला विचारली जाते: 'उप म्हणजे जवळ, नि म्हणजे खाली, सद् म्हणजे बसणे, गुरूजवळ खाली बसून मिळवलेले ज्ञान म्हणजे उपनिषद.'

या एका ओळीने शब्दाचा अर्थ सांगितल्यासारखे वाटते, पण प्रत्यक्षात तो झाकला जातो. भारतीय ज्ञानपरंपरेचे नाव घेणाऱ्या अभ्यासक्रमात तरी ती अशी एकटी, पुराव्याशिवाय शिकवली जाऊ नये, एवढेच मला म्हणायचे आहे.

व्याकरणाच्या दृष्टीने ओळ चुकीची नाही. उप आणि नि हे उपसर्ग, सद् हा धातू, आणि त्या धातूला बसण्याचा अर्थ आहेच. गडबड पुढे होते. शब्द फोडून जे हाती आले, तोच त्याचा अर्थ असे आपण धरून चालतो आणि खुद्द उपनिषदांत हा शब्द कुठे, कशासाठी आला आहे हे कुणी उघडून पाहत नाही. मग त्या ओळीतून निष्कर्षही निघतात. आपली परंपरा म्हणजे गुरूच्या पायाशी बसून ऐकण्याची परंपरा, शिष्याने नम्रपणे घ्यावे, प्रश्न विचारणे ही पश्चिमेची सवय. असे निष्कर्ष मी सभागृहांत टाळ्यांच्या गजरात ऐकलेले आहेत. एका शब्दाची फोड सांगून एका संस्कृतीचा स्वभाव ठरवला जातो. म्हणून हा प्रश्न संस्कृतच्या वर्गापुरता राहत नाही.

तर उघडून पाहू. बृहदारण्यक उपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला गार्ग्य नावाचा एक विद्वान, पण गर्विष्ठ ब्राह्मण काशीच्या अजातशत्रू राजाकडे येतो आणि म्हणतो, तुला ब्रह्म सांगतो. राजा खूश होतो. एवढ्या बोलण्याबद्दलच हजार गाई देतो म्हणतो, कारण एरवी सगळे लोक 'जनक, जनक' करत तिकडेच धावत असतात. गार्ग्य सांगू लागतो: सूर्यातला पुरुष तो ब्रह्म, चंद्रातला तो, विजेतला, आकाशातला, वाऱ्यातला, अग्नीतला, पाण्यातला, आरशातला. प्रत्येक वेळी राजा त्याला थांबवतो. मा मैतस्मिन् संवदिष्ठाः, याविषयी माझ्याशी बोलू नकोस, हे मला माहीत आहे. बारा उत्तरे संपतात आणि गार्ग्य गप्प होतो. 'एवढेच?' राजा विचारतो. 'एवढेच.' 'एवढ्याने ते कळत नाही.'

तेव्हा तो विद्वान म्हणतो, मला शिष्य म्हणून तुमच्याकडे येऊ द्या. राजाचे उत्तर असे: ब्राह्मणाने क्षत्रियाकडे शिकायला येणे हे उलटेच झाले, पण मी तुला समजावून देईन. आणि मग मूळ शब्द आहेत 'तं पाणावादायोत्तस्थौ'. त्याचा हात धरून राजा उठला. दोघे चालत एका झोपलेल्या माणसापाशी जातात. राजा त्या माणसाला मोठमोठ्या नावांनी हाका मारतो, 'बृहन्, पाण्डरवासः, सोम राजन्'. तो उठत नाही. मग राजा त्याला हाताने हलवून जागे करतो आणि गार्ग्याला विचारतो: हा झोपला होता तेव्हा याच्यातला जाणणारा पुरुष कुठे होता, आणि आता कुठून आला? गार्ग्याला उत्तर येत नाही. राजा झोपेविषयी, स्वप्नाविषयी, हृदयापासून निघणाऱ्या नाड्यांविषयी बोलतो. कोळी आपल्या तंतूवरून वर जातो, अग्नीतून बारीक ठिणग्या उडतात, तसे या आत्म्यापासून सगळे प्राण, सगळे लोक, सगळे देव निघतात असे सांगतो. आणि शेवटी हा शब्द येतो: 'तस्योपनिषत् सत्यस्य सत्यमिति.' त्याचे उपनिषद म्हणजे 'सत्याचे सत्य'.

इथे 'जवळ खाली बसणे' हा अर्थ बसवून पाहा. 'त्याचे जवळ बसणे म्हणजे सत्याचे सत्य' याला काही अर्थ राहत नाही. इथे उपनिषद म्हणजे त्या तत्त्वाचे गूढ नाव. ज्या नावात त्याचे मर्म साठवले आहे असे नाव. प्रसंगही पाहण्यासारखा आहे. शिकवणारा राजा, शिकणारा वेदपाठी ब्राह्मण. शिकवणे सुरू होते ते दोघे उठून उभे राहिल्यावर. आणि धडा आहे एक झोपलेला जिवंत माणूस.

याच ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात शब्द पुन्हा येतो. सूर्यमंडळातला पुरुष आणि माणसाच्या उजव्या डोळ्यातला पुरुष हे एकमेकांत आधारलेले आहेत, असे तिथे म्हटले आहे. सूर्यातल्या पुरुषाचे उपनिषद 'अहर्', म्हणजे दिवस. डोळ्यातल्या पुरुषाचे उपनिषद 'अहम्', म्हणजे मी. अहर् आणि अहम्, फरक शेवटच्या एका वर्णाचा. बाहेरचा प्रकाश आणि आत पाहणारा यांना जोडणारा धागा त्या ऋषीने दोन नावांच्या सारखेपणात पकडला आहे. वरवर दूरदूर दिसणाऱ्या दोन गोष्टींमधला आतला संबंध हा उपनिषद शब्दाचा जुना, महत्त्वाचा अर्थ असावा, असे विसाव्या शतकातल्या लुई रनू यांच्यासारख्या अभ्यासकांनी मांडले, ते अशा जागा समोर ठेवूनच. पाली भाषेत याच शब्दाचे भावंड 'उपनिसा' आहे. बौद्ध सुत्तांत त्याचा अर्थ कारण, आधार असा होतो: अमुक गोष्ट तमुक गोष्टीची उपनिसा, म्हणजे तिच्या आधारावर ती उभी. संयुत्तनिकाय या सुत्तसंग्रहात या नावाचे एक स्वतंत्र सुत्तच आहे. वैदिक आणि बौद्ध अशा दोन परंपरांत शब्द आपापल्या वाटेने गेला आणि दोन्हीकडे 'कशाखाली काय आहे' याच प्रश्नाभोवती राहिला, हे मला फार बोलके वाटते.

छांदोग्य उपनिषदातली एक जागा तर प्रत्येक विद्यार्थ्यापुढे ठेवावी अशी आहे. इंद्र देवांकडून आणि विरोचन असुरांकडून, दोघेही आत्मा शिकायला प्रजापतीकडे येतात. बत्तीस वर्षे ब्रह्मचर्याने राहतात. प्रजापती त्यांना पाण्याने भरलेल्या भांड्यात पाहायला सांगतो. नटूनथटून पुन्हा पाहायला सांगतो. दिसणारे प्रतिबिंब हाच आत्मा, असे दोघांना वाटते. विरोचन समाधानाने घरी जातो आणि असुरांना शिकवतो की हे शरीर म्हणजेच आत्मा, त्याचीच पूजा करा. म्हणूनच प्रेताला अन्नाने, वस्त्राने, दागिन्यांनी सजवतात आणि त्याने परलोक जिंकू असे मानतात, असे पुढे म्हटले आहे. या शिकवणुकीला ग्रंथ काय नाव देतो? 'असुराणां ह्येषोपनिषत्.' हे असुरांचे उपनिषद.

म्हणजे उपनिषद चुकीचेही असू शकते. शब्दाला अजून पावित्र्य चिकटलेले नाही. एखाद्याच्या सगळ्या वागण्याच्या तळाशी असलेली मूळ धारणा, एवढाच त्याचा अर्थ आहे. शिवाय विरोचन गुरूजवळ राहिला नव्हता असे नाही. तो पुरी बत्तीस वर्षे राहिला. इंद्रही तेवढीच राहिला. फरक पडला तो परतीच्या वाटेवर. इंद्राला शंका आली की शरीर सजले तर हा आत्मा सजतो, मग शरीर आंधळे झाले तर हाही आंधळा होणार, शरीर नष्ट झाले तर हाही नष्ट होणार; मला यात काही लाभ दिसत नाही. तो अर्ध्या वाटेवरून परत फिरला. पुन्हा बत्तीस वर्षे, पुन्हा शंका, पुन्हा बत्तीस, आणि शेवटी पाच. एकूण एकशे एक वर्षे, असा हिशोब ग्रंथच देतो. गुरूजवळ राहणे दोघांनाही मिळाले होते. ज्ञान शंकेने परत आलेल्याला मिळाले. ज्या ग्रंथात ही कथा आहे, त्याच ग्रंथाच्या प्रकाराचे नाव सांगून मुलांना 'खाली बसून ऐका' असे शिकवायचे, याची मला मनापासून खंत वाटते.

आता वेदांच्या बाहेर. पाणिनीचे एक सूत्र आहे, 'जीविकोपनिषदावौपम्ये'. त्याचे उदाहरण 'उपनिषत्कृत्य', म्हणजे एखादी गोष्ट रहस्यासारखी करून, गुपित ठेवल्यासारखी करून. पाणिनीच्या काळी बोलणाऱ्याच्या तोंडी हा शब्द गुपित या अर्थाने इतका रुळला होता की त्यावरून उपमा होत असे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या चौदाव्या अधिकरणाचे, म्हणजे विभागाचे, नाव 'औपनिषदिक' आहे. त्यात ब्रह्मविद्या नाही. शत्रूवर वापरायची विषे, धूर, अंधारात दिसावे म्हणून करायचे अंजन, असले गुप्त प्रयोग आहेत. कामसूत्राच्या सातव्या अधिकरणाचे नावही तेच, आणि तिथे वशीकरणाचे लेप आणि वाजीकरणाचे उपाय आहेत. अमरकोशात अर्थ दिला आहे 'धर्मे रहस्युपनिषत्', म्हणजे धर्म आणि रहस्य या अर्थी उपनिषद. सतराव्या शतकात दारा शुकोहने काशीच्या पंडितांना हाताशी धरून पन्नास उपनिषदांचे फारसी भाषांतर केले. १६५७ साली ते पूर्ण झाले, आणि त्याला त्याने नाव दिले 'सिर्र-ए-अकबर', थोर रहस्य. व्याकरणकार, राजनीतिज्ञ, कोशकार आणि काशीचे पंडित अशी ही दोन हजार वर्षांची साक्ष आहे. यांतल्या एकानेही बसण्याचा उल्लेख केलेला नाही.

शंकराचार्यांनी तर धातूचाच प्रश्न घेतला आणि उत्तर भलतेच दिले. कठोपनिषदावरच्या भाष्याच्या आरंभी ते म्हणतात की सद् धातूचे अर्थ तीन: विशरण, गती आणि अवसादन, झिजवून नष्ट करणे, पोहोचवणे आणि सैल करणे. म्हणून जी विद्या अविद्येसारखी संसाराची बीजे नष्ट करते, मोक्षाची इच्छा असणाऱ्याला ब्रह्मापर्यंत पोहोचवते, ती उपनिषद. तैत्तिरीयावर लिहिताना ते आणखी एक शक्यता सांगतात, 'उपनिषण्णं वास्यां परं श्रेय इति', हिच्यात परम श्रेय बसलेले आहे म्हणून उपनिषद. बसण्याचा अर्थ घेतलाच, तर बसते ते श्रेय, शिष्य नव्हे.

कठभाष्यातला पुढचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. शंका अशी उपस्थित होते की अभ्यास करणारे लोक तर ग्रंथालाच उपनिषद म्हणतात, 'आम्ही उपनिषद शिकतो, उपनिषद शिकवतो' असे बोलतात, त्याचे काय? आचार्य उत्तर देतात की मुख्य अर्थाने उपनिषद म्हणजे विद्या, आणि ग्रंथाला ते नाव लागते ते उपचाराने, म्हणजे गौण अर्थाने. 'आयुर्वै घृतम्', तूप म्हणजे आयुष्य, असे आपण म्हणतो. तूप हे आयुष्य नसते, आयुष्याचे साधन असते. तसेच ग्रंथ हे विद्येचे साधन. शब्द विद्येवरून ग्रंथावर कसा सरकला, याची एवढी नेमकी नोंद बाराशे वर्षांपूर्वी झालेली आहे. गूढ नाव, मग संबंध, मग रहस्य, मग ते रहस्य सांगणारी विद्या, मग ती विद्या ज्यात आहे तो ग्रंथ, आणि शेवटी ग्रंथांचा एक वर्ग. मुक्तिकोपनिषदात १०८ उपनिषदांच्या नावांची यादी येते तोवर हा प्रवास पुरा झालेला असतो.

पुणेकरांना या प्रवासातला एक टप्पा ओळखीचा असायला हवा. गीतेच्या प्रत्येक अध्यायाच्या शेवटी 'इति श्रीमद्भगवद्गीतासु उपनिषत्सु' असे येते. 'गीता' हे नाव स्त्रीलिंगी का, हा प्रश्न टिळकांनी 'गीतारहस्या'च्या सुरुवातीलाच घेतला आहे. संस्कृतात उपनिषद शब्द स्त्रीलिंगी; भगवंताने गायिलेली ती उपनिषद; पुढे उपनिषद शब्द गळाला आणि 'गीता' उरली. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला आणि १९१५ साली पुण्यात छापलेला हा ग्रंथ घराघरांत आहे. त्यातली पहिली काही पाने जरी वाचली, तरी शब्दाचा अर्थ वापरातून, लिंगवचनातून, अध्यायाच्या समाप्तिवाक्यातून कसा शोधतात ते दिसते.

मग बसण्याची ओळ एवढी सर्वमान्य कशी झाली? शिष्य आदराने काही अंतर राखून गुरूभोवती बसले आहेत अशी सभा, हा मूळ अर्थ म्हणून मॅक्सम्युलर यांनी मांडला. पूर्वेकडच्या पवित्र ग्रंथांच्या त्यांच्या मालेचा पहिला खंड १८७९ साली निघाला, तो उपनिषदांचाच. त्याच्या प्रस्तावनेत हे विवेचन आहे. त्यांनी ते विचारपूर्वक मांडले होते आणि जाहीर चर्चेसाठी मांडले होते. त्यांच्यामागून आलेल्या अभ्यासकांनी त्याला हरकतीही घेतल्या. जर्मनीत ओल्डेनबर्ग यांनी शब्दाचा संबंध उपासनेशी जोडला, डॉयसन यांनी रहस्य हाच अर्थ धरला. हरकती ग्रंथालयांत राहिल्या आणि सुबक चित्र शाळेत आले. एकोणिसाव्या शतकातल्या एका युरोपीय विद्वानाचा तर्क आज आपण 'आपली परंपरा काय सांगते' या मथळ्याखाली शिकवतो, आणि पाणिनी, कौटिल्य, अमरसिंह, शंकराचार्य यांनी काय सांगितले ते सांगत नाही. परकीय म्हणून तो तर्क टाकावा असे माझे म्हणणे नाही. तर्क कुणाचा आहे हे मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवे.

त्या तर्कात तथ्य अजिबात नाही, असेही नाही. गुरूकडे जाण्यासाठी उपनिषदांत 'उप' लागलेली क्रियापदे येतातच. नारद सनत्कुमारांकडे गेला तिथे 'उपससाद' आहे. पण त्यात 'नि' नाही. अथर्ववेदाच्या एकोणिसाव्या कांडात 'उपनिषेदुः' असे पुरे रूप सापडते, 'तपो दीक्षामुपनिषेदुरग्रे'. ऋषी जवळ जाऊन बसले ते तप आणि दीक्षा यांच्या. गुरूचा तिथे उल्लेख नाही. बसण्याचा अर्थ धरायचा असेल तर निदान हे तरी विद्यार्थ्याला दाखवले पाहिजे. एखाद्या तत्त्वाच्या इतके निकट जाऊन बसायचे की त्याचा आतला धागा दिसावा, असा अर्थ कुणी त्यातून काढला, तर मी तो आनंदाने ऐकेन. त्याच्यापाशी निदान मंत्राचा आधार असेल.

'रहस्य' हा अर्थ शिकवताना त्याच्या मागचेही सारे सांगावे लागेल. गुपित म्हटले की कुणापासून, हा प्रश्न आलाच. श्वेताश्वतर उपनिषद शेवटी बजावते की जो पुत्र नाही, शिष्य नाही त्याला हे देऊ नये. उपनिषदांच्या अर्थाचा विचार करणाऱ्या ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायात शूद्राला या विद्येचा अधिकार नाही असे ठरवणारे प्रकरण आहे आणि शंकराचार्यांनी त्यावर भाष्य लिहिताना ते मान्य केले आहे. ज्यांचे कठभाष्यातले विवेचन मी वर आदराने सांगितले, त्यांचेच हेही मत. सत्यकामाला स्वतःचे गोत्र माहीत नसताना हारिद्रुमत गौतम ऋषींनी शिष्य केले ती कथा छांदोग्यात आहे, आणि छांदोग्यावरच उभ्या असलेल्या शास्त्रात हा निषेधही आहे. बंद दरवाजांच्या या इतिहासाविषयी मौन पाळून परंपरेचा गौरव करणारा विषय विद्यार्थ्यांना फसवतो. तो दरवाजा किलकिला होण्यात या शहराचाही वाटा आहे. महादेव चिमणाजी आपट्यांनी उभारलेल्या आनंदाश्रम संस्थेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हस्तलिखिते गोळा करून संस्कृत ग्रंथावली छापली; त्यात शांकरभाष्यासह उपनिषदे आली. छापील पुस्तक विकत घेणाऱ्याला कुणी गोत्र विचारत नाही. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत आज कुणीही कठोपनिषद मागून घेऊ शकतो, पानही उलटून पाहू शकतो, ही साधी दिसणारी गोष्ट शब्दाच्या इतिहासातला शेवटचा मोठा बदल आहे. जे गुपित होते ते दुकानाच्या फळीवर आले.

आणि याच शहरात अर्थ शोधण्याची साधने आहेत. वामन शिवराम आपटे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य असताना १८९० साली त्यांचा संस्कृत कोश निघाला. आजही तो संस्कृतच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या टेबलावर असतो. डेक्कन कॉलेजात १९४८ पासून ऐतिहासिक तत्त्वांवरचा संस्कृत शब्दकोश चालू आहे. सुमारे १५०० ग्रंथ वाचून त्यांतून सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तिथे काढल्या गेल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक शब्द आणि तो ज्या वाक्यात आला ते वाक्य, स्थळासह. ऋग्वेदापासून अलीकडपर्यंत ही वाक्ये काळाच्या क्रमाने लावली की शब्दाचा अर्थ कसा बदलत गेला ते डोळ्यांसमोर उभे राहते. त्या कामामागची भूमिका साधी आहे: आधी वापर पाहायचा, मग अर्थ सांगायचा. पहिला खंड १९७६ साली निघाला. एवढ्या वर्षांनंतरही छापील खंड 'अ'च्या पसाऱ्यातच आहेत. 'उ'पर्यंत पोहोचायला खूप अवकाश आहे. काही जण या संथपणाला नावे ठेवतात. मला त्यात शब्दाबद्दलची जबाबदारी दिसते, आणि अशा कामाला माणसे आणि पैसा कमी पडतो ही लाज वाटायची बाब आहे. एकीकडे राज्यभरच्या लाखो विद्यार्थ्यांना ज्ञान प्रणाली सक्तीने शिकवायची आणि दुसरीकडे ज्या खोल्यांत त्या ज्ञानाच्या चिठ्ठ्या जपल्या आहेत तिथे नवे अभ्यासक येतील अशी सोय करायची नाही, हे एका धोरणात बसत नाही.

फोडीपेक्षा वापराला मान द्यायचा हे आपल्याच शास्त्रांचे मत आहे. 'योगाद् रूढिर्बलीयसी', शब्द फोडून निघणाऱ्या अर्थापेक्षा वापरात रुळलेला अर्थ बलवान, हे मीमांसक आणि नैयायिक सांगत आले. कुश तोडणारा तो कुशल, असे शब्द फोडून कळते. पण कुशल डॉक्टर शोधताना कुणी त्याच्या हातातले गवत पाहत नाही. यास्काने निरुक्त या वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या ग्रंथात एकेका शब्दाच्या दोन-दोन, तीन-तीन व्युत्पत्ती दिल्या आणि तरीही बजावले, 'अर्थनित्यः परीक्षेत', अर्थाला धरून परीक्षा करावी. शब्द फोडण्यात ज्याचा हात धरणारा कुणी नाही तो निरुक्तकार हे सांगतो, याकडे नोट्स लिहिणाऱ्यांनी पाहावे.

यावर प्राध्यापकांचे म्हणणे मला ठाऊक आहे. दोन श्रेयांकांच्या विषयात वेदांपासून वास्तुशास्त्रापर्यंत सगळे कोंबलेले. वर्गात ऐंशी मुले, बहुतेकांना संस्कृत येत नाही. शिकवणाऱ्याला हा विषय वेळापत्रकात जागा होती म्हणून दिलेला. अशा वेळी एका ओळीची व्याख्या मिळाली तर तो ती घेणारच. त्याचा मी दोष मानत नाही. दोष अभ्यासक्रम आखणाऱ्यांचा आहे. वीस शब्दांच्या वीस व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा एकच शब्द नीट शिकवला तर परंपरा कशी विचार करते ते विद्यार्थ्याला जास्त कळेल. अजातशत्रूची कथा मराठीत वाचायला पंधरा मिनिटे लागतात. इंद्र-विरोचनाची त्याहून थोडी जास्त. कठभाष्यातला तो शंका-समाधानाचा परिच्छेद तर अर्ध्या पानाचा आहे. एवढ्याला संस्कृत यावे लागत नाही. चांगले मराठी भाषांतर आणि ते समजावणारी टिपणे लागतात.

अशी टिपणे तयार करू शकतील अशी माणसे भांडारकर संस्थेत, डेक्कन कॉलेजात, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संस्कृत विभागात आहेत. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने त्यांना रीतसर विचारावे, कामाचे मानधन द्यावे आणि येत्या शैक्षणिक वर्षाच्या आत ती टिपणे सगळ्या महाविद्यालयांना मोफत मिळतील असे पाहावे. आणि एका गुणाचा तो प्रश्न बदलावा. 'उपनिषद म्हणजे काय' असे विचारून चार पर्याय देण्याऐवजी 'असुराणां ह्येषोपनिषत्' हे वाक्य भाषांतरासह द्यावे, आणि या ठिकाणी उपनिषद शब्दाचा अर्थ काय लागतो व का, हे पाच ओळींत लिहायला सांगावे.